माय त्याला ‘तुमी’ म्हणायला लागली

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक माणूस हळूहळू विझत चालला होता, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे अभिमानानं बघत होतो. तो माझा थोरला भाऊ मिलिंद. मी त्याला दादा म्हणायची. त्याच्याआधी कॉलेजचं तोंड आमच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. घरातच काय, चुडाव्याच्या आमच्या सगळ्या वस्तीत पाहिलं नव्हतं. त्यामुळे खूप शिकलेला माणूस घरात कसा बसतो, किती जेवतो, किती बोलतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तो करील ते शिकलेल्याचं लक्षण, असं आम्ही धरून चाललो होतो. आज आठवलं की अंगावर काटा येतो तो याच गोष्टीचा. लपून काहीच नव्हतं. सगळं आमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि शेजारपाजारचे येऊन त्याचं कौतुक करून जात होते.

आमचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं बाभळी आणि बाभळींच्या पलीकडं रेल्वेची लाईन. आबा, म्हणजे आमचे वडील, रेल्वेत गँगमन होते, रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत. सकाळी हातोडा खांद्यावर टाकून निघायचे आणि रुळांवरून चालत कुठल्या कुठं जायचे. घर मोठं आवाजाचं होतं. माय भाकरी थापायची तेव्हा तिच्या बांगड्या आणि काठवट यांचा एक ताल लागायचा, आणि त्या तालावर ती ओव्या म्हणायची. तिच्या ओव्यांत राजे-राण्या नसत. पाटी घेऊन शाळेत जाणारी लेकरं असत, त्यांच्या अंगात धुतलेले सदरे असत. एक ओळ मायनं म्हटली की दुसरी शेजारची गयामावशी भिंतीपलीकडून उचलायची. मध्येच कोळशाचं इंजिन धडधडत यायचं, मांडणीवरची भांडी थरथरायची, बोलणारा तोंड उघडं ठेवून थांबायचा आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढं सुरू करायचा. मी आयुष्यभर वालूरला शिक्षिका होते. वर्गात घंटा झाली की मी वाक्याच्या मधोमध थांबायची आणि घंटा संपली की तिथूनच पुढं बोलायची. पोरं हसायची. त्यांना काय सांगणार, ही सवय मला आगगाडीनं लावली होती.

मायचं तोंड फटकळ होतं. दादाला ती दिवसभर ‘मुडद्या’ म्हणायची. "ए मुडद्या, पानी आन की." "मुडद्या, शर्टाच्या बटना कुठं हरवल्यास?" या शब्दाचा अर्थ कुणाच्या मनात यायचा नाही. आमच्याकडे आया लेकरांना लाडानंच तसं म्हणतात, आणि ज्या लेकराला घरात कुणी शिवी देत नाही त्याचीच लोकांना कीव येते. एका बाबतीत मात्र माय भारी कडक होती. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. एकदा आबा घाईत "जातो गं" म्हणून निघाले, तर ही पीठभरल्या हातानं त्यांच्या मागं धावली, गँगच्या माणसांसमोर त्यांना उंबऱ्यापाशी परत आणलं आणि ‘येतो’ म्हणवून घेतलं, मगच सोडलं. लोक हसले. माय नाही हसली. रुळांवर काम करणाऱ्या माणसाच्या बायकोला तो दुसरा शब्द परवडत नाही.

दादाला लहानपणापासून एकच जेवण आवडायचं, ज्वारीची भाकर आणि येसरची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेली पूड, घराघरात डबा भरून ठेवलेली असते. माय आमटीला फोडणी द्यायची तेव्हा दादा पुस्तक घेऊन चुलीजवळच येऊन बसायचा. भाकर चुरून त्यावर आमटी ओतायची, वर कच्चा कांदा, आणि ताटावर इतकं वाकून जेवायचं की आबा म्हणायचे, "आरं, ताट पळून जायलंय का?" अभ्यासही तो त्या सगळ्या गोंगाटातच करायचा, मोठ्यानं वाचत. सबंध वस्तीला त्याचं विज्ञान पाठ झालं होतं. गयामावशीला प्राणवायू कशाला म्हणतात ते ठाऊक होतं आणि ती ते पाहुण्यांना सांगायची.

दादा बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाला आणि एम.एस्सी.ला शहरात निघाला, तिथून पुढं सगळं बदललं. बदलायला कारण झाला एक शब्द. गाडीची वाट बघत आम्ही फलाटावर उभे होतो. स्टेशनमास्तर बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण गँगमधल्या सगळ्यांना ‘अरे’ आणि ‘ए’ करण्याची त्यांची रीत होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ते दादाजवळ थांबले आणि म्हणाले, "तुम्ही एम.एस्सी.ला चाललात का? छान. कुठला विषय घेतलात?" दादानं विषय सांगितला. आबांनी तो ऐकलाच नाही. ते त्या ‘तुम्ही’पाशीच थांबले होते. गाडी गेली तरी ते फलाटावर उभे होते, आणि हातातला हिरवा झेंडा गुंडाळायचं त्यांना भान नव्हतं.

घरी आल्यावर आबांनी आम्हाला समोर बसवलं. गयामावशीही दारात येऊन टेकली. "स्टेशनमास्तर त्येला तुमी म्हनला," आबा म्हणाले. "माझ्यादेखत. आमच्या सात पिढ्यांत कुनाला कुनी तुमी म्हनलं न्हाई. आन् आपुन घरातच त्येला अरेतुरे करायचं? आजपसून समद्यांनी तुमी म्हनायचं. त्येच्या मायनं बी."

"आवो, मपल्या पोटचं लेकरू हाय," माय म्हणाली.

"म्हनून तर. तूच न्हाई म्हनलीस तर गाव कशाला म्हनंल?"

ज्या माणसाला जन्मभर कुणी आदरानं हाक मारली नाही, त्यानं तो आदर मुलाला द्यायचं ठरवलं, यात चूक कुठं दाखवायची? दादा दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा मायनं पान वाढलं आणि कशीबशी म्हणाली, "सायेब, जेवायला या तुमी." दादा खो-खो हसला. "माय, हे काय लावलंय? तू मला तुमी म्हनलीस तर मी जेवायचाच न्हाई." सगळे हसले. आबा मात्र गंभीर होते. त्यांनी मायकडे नुसतं पाहिलं आणि माय परत म्हणाली, "या की." हळूहळू तिच्या जिभेला ते वळण पडलं. पुढं त्याच्यासाठी तिनं भाकर थापणंही सोडलं, कारण साहेब लोक गव्हाची पोळी खातात असं तिनं ऐकलं होतं. त्याला आतली खोली दिली, खुर्ची आणली. तो आला की मायच्या ओव्या बंद, गयामावशीचा रेडिओ बंद, मला मोठ्यानं बोलायची बंदी. मी वयानं धाकटी आणि स्वभावानं हट्टी, त्यामुळे मी वेगळीच वाट काढली. त्याच्याशी बोलताना मी ‘तू’ही म्हणायची नाही आणि ‘तुमी’ही. "जेवण झालं का? पाणी पाहिजे का?" असं अधांतरी बोलायची. मराठीत असं वर्षानुवर्षं बोलता येतं. कित्येक बायकांचे संसार त्यावर निभावलेत.

दुसऱ्या वर्षी दादा अवेळी घरी आला. परीक्षा होऊन गेली होती, पण सुट्टी अजून लागायची होती, आणि तो ट्रंक घेऊनच उतरला. "पुढचा अभ्यास घरी करायचाय," एवढंच म्हणाला. आबांना आनंद झाला. घरी बसून करायचा अभ्यास म्हणजे फारच वरचा असणार, असं त्यांनी गँगमध्ये सांगितलं. दादा आतल्या खोलीत खुर्चीवर बसायचा. समोर जाड पुस्तक उघडं असायचं. दुपारी पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप पुस्तकावर यायची आणि सरकत जायची. काही दिवसांनी मला दिसलं की त्या पानाला उन्हानं पिवळा पट्टा पडलाय. एवढं एकच पान.

मायला मी सांगितलं. ती म्हणाली, "अवघड आसंल ते पान."

ताटात पोळी तशीच राहायची. "शिकल्याल्या मानसाला भूक कमी आसती," गयामावशी म्हणायची. "दिवसभर डोक्यानं काम करायचं, पोटाला काय लागतंय?" दादा बोलेनासा झाला. कधी त्यानं जुन्या सवयीनं "मायला, लय गरम व्हायलंय" असं काही म्हटलं, तर मावशी तोंडाला पदर लावून हसायची, "सायेब बी आमच्यासारकंच बोलायलेत की." तिचं ते हसणं मायेचंच होतं, पण दादा मग तेही बोलेना. तिकडं वसतिगृहात त्याला ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणावं लागायचं, इकडं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ त्याच्या तोंडी शोभेना. बोलायला भाषाच उरली नाही, असं तो पुढं कितीतरी वर्षांनी म्हणाला. तेव्हा आम्ही त्याच्या गप्प राहण्याला विद्वत्ता म्हणत होतो. त्यानं दाढी करणं सोडलं तर लोक म्हणाले, शास्त्रज्ञांच्या दाढ्या अशाच असतात. तो भल्या उन्हात रुळाकडं फिरायला जाऊ लागला तर लोक म्हणाले, मोठ्या माणसांना फिरायची आवड असते. वस्तीत बिनकामाचं फिरायला कुणीच जात नसे, म्हणून तर ते मोठेपणाचं वाटलं.

मग तो वस्तू देऊ लागला. त्याचा स्वेटर आबांना दिला, ऐन उन्हाळ्यात. आबा तो मांडीवर घेऊन बसले आणि त्याच्यावरून हात फिरवत राहिले. मला त्याचं शाईचं पेन दिलं, सोनेरी टोपणाचं, ज्याला तो मला हात लावू द्यायचा नाही. मी ते दिवसभर वस्तीत मिरवलं. साहेबांचा हात सढळ आहे, असं जो तो म्हणाला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. एक तरुण बाई मुलांच्या मनाच्या आजारांविषयी सांगत होत्या. एखादं मूल आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागलं तर सावध व्हा, असं त्या म्हणाल्या. मी उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यातल्या नळाखाली तोंड धुतलं. बाकीच्यांना वाटलं, बाईंना उन्हाचा त्रास झाला.

ती दुपार मला बारीकसारीक तपशिलांसकट आठवते. वैशाखातलं ऊन, पत्रे तडतडत होते. आबा लाईनवर गेलेले. माय ओसरीत परातीत कणीक मळत होती, त्याच्याच पोळ्यांसाठी. मी उंबऱ्यात बसून त्याच पेनानं नाव लिहीत होते, माझं आणि त्याचं. दादा बाहेर आला. कितीतरी दिवसांनी त्यानं अंघोळ केली होती, दाढी केली होती, स्वच्छ सदरा घातला होता. मायला बरं वाटलं, मी तिचं तोंड बघितलं होतं. तो वाकला आणि तिच्या पायांना हात लावला. मग माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. पायरीवरून उतरताना म्हणाला, "जातो, माय."

मायनं मान वर केली. तोंड उघडलं. ‘जातो न्हाई, येतो म्हन’ हे तिच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. आबांना उंबऱ्यावरून परत आणणारी बाई ती. पण समोर साहेब होते. ज्यांना ‘तुमी’ म्हणायचं त्यांना टोकायचं कसं? तिनं तोंड मिटलं आणि कणकेवर पाण्याचा हबका मारला. दादा बाभळींमधून लाईनकडं गेला.

थोड्याच वेळात स्टेशनाकडून एक उंच पोरगा चालत आला. कपाळाला भस्म, हातात शेव-चिवड्याची पिशवी, घामानं निथळलेला. लांबूनच त्यानं हाळी दिली, "मिल्या! ए मिल्या, बाहेर ये की." सबंध वस्ती चपापली. साहेबांना असं कुणी बोलावू शकतं हेच आम्ही विसरलो होतो. पोरगा ओसरीत आला आणि मायच्या पाया पडला. "मावशी, मी सिद्धेश्वर. सोनपेठचा. मिल्याच्या खोलीतला. कुठंय तो?"

"फिराया गेलेत," माय म्हणाली.

"ह्या उन्हात?"

"रोजच जात्यात. बसा तुमी, पानी घ्या."

तो टेकला. तांब्या हातात घेऊन त्यानं जे सांगितलं त्यातलं निम्मं मायला कळलं नाही. मिलिंद एका विषयात नापास झाला होता. निकाल पाहिला आणि त्याच दिवशी कुणाला न सांगता ट्रंक भरून निघून आला. सिद्धेश्वर स्वतः दोन विषयांत गेला होता. "मी घरी सांगितलं तर काका हसायला लागला, मावशी. म्हणला, मी वकिलीला गटांगळ्या खाल्ल्या, तुझा बाप बीकॉमला अडकला होता, आता तू. जेवून घे म्हणला. मिल्याला मी तेच सांगत होतो, परत बसता येतं. तर तो म्हणायचा, सिद्ध्या, तुझ्या घरात नापास होऊन दाखवल्याली मानसं हायेत. माझ्या घरात कुनीच न्हाई. मी काय म्हनून तोंड दाखवू?" त्यानं तांब्या खाली ठेवला. "पत्रं पाठवली, उत्तर नाही. मला चैन पडेना, म्हणून आलो. बरा आहे ना तो? जेवतो का?"

माय त्याच्याकडं बघतच राहिली. नापास हा शब्द तिच्या कानाशी आला असेल नसेल. तिचे कणकेचे हात तसेच परातीत होते.

"जातो म्हनले," ती म्हणाली.

"काय?"

"पाया पडले आन् जातो म्हनले."

पुढं काय झालं ते सलग सांगता येत नाही. माय उठली तेव्हा परात उलटली एवढं आठवतं. ती अनवाणी पळाली, तिच्या मागं सिद्धेश्वर, त्याच्या मागं मी. बाभळीचे काटे, मग लाईनच्या कडेची तापलेली खडी. रूळ लांबवर उन्हात पाण्यासारखे हलत होते. स्टेशनाच्या अंगाला सिग्नल पडलेला होता. आमच्याकडे लहान पोरालाही कळायचं, सिग्नल पडला म्हणजे गाडी येतेय. लाईनवर एक मोरी होती, ओढ्यावरची. तिच्या अलीकडं, रुळाला लागूनच, पांढरा सदरा दिसला. दादा गुडघ्यांत मान घालून बसला होता. आबा त्या दिवशी दुसऱ्या अंगाला कामावर होते. हाक पोचेल असं दुसरं माणूस नव्हतं.

"सायेब," माय ओरडली. "ओ सायेब, थांबा. अवो, ऐका की."

तो हलला नाही. ती परत तेच ओरडली, अवो, ऐका. जसं काही परक्या माणसाला बोलवावं, किंवा ऑफिसातल्या कुणाला. रुळांतून बारीक झणझण सुरू झाली होती. ती मला तळपायाला कळली की कानाला, सांगता येत नाही. सिद्धेश्वर धावत होता, पण खडीत त्याचा पाय मुरगळला आणि तो गुडघ्यावर आला. गाडीचा धूर वळणावर दिसला. मायचा पदर गळून खाली लोळत होता. ती थांबली, कमरेत वाकली आणि पोटातून ओरडली, "आरं ए मिल्या. मुडद्या, कुठं चाललास रं?"

दादानं मान वर केली.

"हिकडं ये आधी. मायला न सांगता कुठं चाललास, मुडद्या? उतर खाली. उतर म्हन्ते ना तुला."

तो उभा राहिला. तो कोणत्या अंगाला पाऊल टाकणार ते मला कळेना. त्यालाही कळत नव्हतं, असं तो पुढं म्हणाला. त्याला फक्त एवढं कळलं की माय रागावलीय आणि गेलं पाहिजे. तो आमच्या अंगाला उतरला, पडत-घसरत. आम्ही त्याच्यापाशी पोचलो आणि वरून गाडी गेली, डबे संपता संपेनात. त्या आवाजात मायनं त्याच्या थोबाडीत दिली. मग दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं, कणकेच्या हातांनी. ती काहीतरी म्हणत होती, ऐकू येत नव्हतं. गाडी गेली आणि ती त्याच शब्दापासून पुढं म्हणाली, "म्हन. येतो म्हन. जातो न्हाई, येतो."

तिनं त्याला हलवलं. "म्हन रं बाळा."

"येतो," तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर कोसळला.

संध्याकाळी आबा आले. सिद्धेश्वर पायाला चुना-हळद लावून ओसरीत बसला होता. त्यानंच त्यांना सगळं सांगितलं. आबांनी हातोडा ओसरीच्या भिंतीला टेकवला. मग त्यांनी विचारलं, "नापास म्हंजे काय लय मोठी गोष्ट हाय का रं?" खरंच विचारत होते, कारण ते त्यांना माहीतच नव्हतं.

"नाही आबा," सिद्धेश्वर म्हणाला. "परत बसता येतं."

"मंग बसू की," आबा म्हणाले. ते उठले आणि आतल्या खोलीतली खुर्ची उचलून स्टेशनावर नेऊन दिली, कुणाला बसायला लागली तर. मायनं येसरची आमटी केली आणि दादाला चुलीजवळ पाटावर बसवलं. तो चार घास जेवला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला कुणी परत ‘तुमी’ म्हटलं नाही. आबा तर इतके धास्तावले की शेजाऱ्यांनी म्हटलं तरी अंगावर जायचे.

तो लगेच बरा झाला नाही, आणि एका हाकेनं माणूस बरा होतो असं मी कुणालाही सांगणार नाही. सिद्धेश्वरच्या काकांनी नांदेडला एका डॉक्टरांची गाठ घालून दिली. औषधं लांबली. पुढच्या वर्षी तो परीक्षेला बसला, पास झाला, प्राध्यापक झाला. आता सत्तरीच्या पुढं आहे, परभणीत माझ्या घराजवळच राहतो, आणि रोज चहाला येऊन साखरेवरून भांडतो. पण ती गोष्ट त्याला सोडून कायमची गेली नाही. अधूनमधून, बहुतेक उन्हाळ्यात, तो परत गप्प व्हायला लागतो आणि आम्हाला ते पावलांच्या आवाजासारखं ओळखू येतं. मग आम्ही घरात मुद्दाम भांडणं काढतो. शिक्षणानं माणूस सुखी होतो का, असं मला निवृत्तीच्या सत्काराच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं होतं. मी म्हटलं, शिक्षणानं आम्हाला सिमेंटचं छत दिलं, दवाखान्यात मान वर करून बोलता आलं, मला माझी कमाई मिळाली, ते मी कशालाच बदलून देणार नाही. पण शिकणारा जिथं जाऊन पोचतो तिथं त्याच्या घरचं कुणी आधी गेलेलं नसतं. तिथं तो पडला तर त्याला काय म्हणून हाक मारायची, हे घरच्यांना माहीत पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला नारळ दिला.

दादानं स्वतःचं नापास होणं मुलांपासून कधी लपवलं नाही. "आपल्या घरात आता नापास झालेला माणूस आहे," असं तो जेवताना ऐटीत सांगायचा. मुलगा-सून दोघंही मोठ्या हुद्द्यावर आहेत. नात सई पुण्याला डॉक्टरकी शिकतेय. मागच्या महिन्यात ती सुट्टीला आली होती. घरात सगळे तिला ‘डॉक्टर’ म्हणत होते. डॉक्टर, चहा घ्या. डॉक्टर, माझं बीपी बघा. पोरगी बारीक हसायची आणि ताटातलं इकडचं तिकडं करायची. परीक्षेचा ताण असेल, असं सून म्हणाली. निघायच्या आदल्या दिवशी सईनं तिचं कानातलं माझ्या हातात ठेवलं, तुला आवडतं ना आजी, म्हणून. मला ते सोनेरी टोपणाचं पेन आठवलं. दादाला सांगू का नको, या विचारात मी होते.

दुसऱ्या दिवशी सगळे निघायच्या गडबडीत होते. मुलगा खाली गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. सई दारात आली, बॅग खांद्याला अडकवलेली, आणि मोबाईलमध्ये बघत म्हणाली, "जाते, आजोबा."

दादा वर्तमानपत्र वाचत होता. आयुष्यभर शुद्ध मराठीत व्याख्यानं दिलेला माणूस. त्यानं चष्मा काढला आणि पेपर बाजूला ठेवला. त्याच्या तोंडून जो आवाज आला तो मी चाळीस-पन्नास वर्षांनी ऐकत होते. तो मायचा होता.

"ब्याग खाली ठेव, मुडदे," तो म्हणाला. "हितं बस आधी. माझ्याजवळ."

सई बघत राहिली. मग तिनं बॅग खाली ठेवली, त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी गॅलरीत गेले आणि खाली वाकून मुलाला सांगितलं, गाडी बंद कर, आज ती जाणार नाही.